ट्रॅक सायकलिंगचे चाहते एकमेकांना इतकं चिडवतात, तरी भांडत का नाहीत?

१२ ऑगस्ट २०१६, रिओ. पुरुषांच्या टीम परस्यूटची ऑलिंपिक अंतिम फेरी. ट्रॅकच्या एका बाजूला ब्रिटनचे चार सायकलपटू उभे आहेत, बरोबर समोरच्या बाजूला ऑस्ट्रेलियाचे चार. अंतर ४ किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या. फलकावरचा आकडा दर अर्ध्या फेरीला बदलतो आणि शर्यतीचा बराच काळ एकच गोष्ट सांगत राहतो: ऑस्ट्रेलिया पुढे. फरक सेकंदभराचाही नाही, पण पुढे ते पुढे. मग शर्यत शेवटाकडे येताना तो आकडा आटायला लागतो. ब्रिटन ३ मिनिटं ५०.२६५ सेकंद, ऑस्ट्रेलिया ३ मिनिटं ५१.००८ सेकंद. हातातोंडाशी आलेला घास पाऊण सेकंदापेक्षा कमी वेळानं गेला.

असा पराभव झाल्यावर दोन देशांच्या चाहत्यांमध्ये काय होईल? फुटबॉलमध्ये अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या स्टँडमध्ये बसवावं लागतं, मध्ये पोलीस उभे करावे लागतात. ट्रॅक सायकलिंगमध्ये दोन्ही झेंडे एकाच रांगेत असतात. टोमणे असतात, जुन्या जखमांवर मीठ चोळणं असतं, पैजा असतात. पण शर्यत संपली की त्याच दोन माणसांची पुढची चर्चा सुरू होते ती कुणी कितव्या फेरीत आघाडी सोडली, यावर. ही चुरस इतकी तीव्र असून इतकी मैत्रीची का राहते, हे कळायला आधी हा खेळ थोडा कळावा लागतो. कारण माझ्या मते उत्तर माणसांच्या चांगुलपणात जितकं आहे, तितकंच खेळाच्या घडणीत आहे.

गोल हॉल, छोटं जग

ट्रॅक सायकलिंग जिथे होतं त्या जागेला वेलोड्रोम म्हणतात. ऑलिंपिकचा ट्रॅक २५० मीटरचा, लाकडी पट्ट्यांचा. वळणांवर तो ४० अंशांहून जास्त कललेला असतो. खाली उभं राहून पाहिलं तर भिंतच वाटते. सायकलला ब्रेक नाहीत आणि गियर एकच, तोही असा की चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवून नुसतं घरंगळत जाण्याची सोय नाही.

प्रेक्षक या वर्तुळाच्या भोवती बसतात. ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेगानं जाणारे सायकलपटू साधारण दर १४ सेकंदांनी प्रत्येकाच्या समोरून जातात. रस्त्यावरच्या शर्यतीत तासन्‌तास थांबून खेळाडू एकदा दिसतो, तोही क्षणभर. इथे शर्यतीची प्रत्येक वीट रचली जाताना दिसते. आणि वर्तुळाच्या आतल्या मोकळ्या जागेत सगळ्या देशांचे संघ शेजारी शेजारी बसलेले असतात. ज्याला तासाभरात हरवायचं आहे, तो चार हातांवर सायकल रोलरवर ठेवून अंग गरम करत असतो. शत्रू दूर कुठेतरी असेल तर त्याच्याबद्दल काहीही कल्पना करता येते. तो डोळ्यांसमोर घाम पुसत बसलेला असेल तर तसं करणं अवघड जातं.

दुसरं म्हणजे हा खेळ जगभरात फार थोडे लोक मन लावून पाहतात. ऑलिंपिकच्या त्या आठवड्यात सगळा देश तज्ज्ञ होतो, पण मधल्या चार वर्षांत घरात, कामाच्या ठिकाणी याबद्दल बोलायला कुणी मिळत नाही. मग टीम परस्यूटमधल्या तिसऱ्या खेळाडूबद्दल तळमळीनं बोलणारा माणूस भेटतो तो बहुतेक वेळा समोरच्या देशाचाच. त्याला तुमचे खेळाडू तुमच्या शेजाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. ज्याच्याशी वैर धरायचं तोच तुमची भाषा समजणारा माणूस निघाला, तर वैर टिकणार कसं?

फलकावरचा आकडा

टीम परस्यूट नीट समजून घेऊया, कारण देशादेशांतल्या चुरशीचा सगळा अर्क या शर्यतीत आहे. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी निघतात. चौघे एकामागे एक, चाकाला चाक चिकटवून. पुढचा वारा कापतो, मागच्या तिघांना त्याच्या आडोशामुळे कमी जोर लावावा लागतो. पुढचा दमायच्या आत वळणावर वर सरकतो, बाकीचे तिघे खालून पुढे जातात आणि तो उतारावरून खाली येत शेवटच्या चाकामागे लागतो. या सरकण्यात हातभर चूक झाली तर वेळ जातो, जास्त चूक झाली तर माणसं पडतात. वेळ मोजली जाते ती तिसऱ्या खेळाडूची. म्हणजे चौघांपैकी एकाला वाटेत सांडलं तरी चालतं, पण उरलेल्या तिघांना एकत्रच यावं लागतं.

दोन्ही संघ एकमेकांपासून अर्ध्या ट्रॅकच्या अंतरावर असल्यामुळे कोण पुढे आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ते फलकच सांगतो. त्यामुळे दोन्ही देशांचे चाहते आपापल्या खेळाडूंपेक्षा एकाच आकड्याकडे टक लावून बसलेले असतात. तो आकडा कुणाच्या बाजूचा नसतो. पंचाचा निर्णय, ऑफसाइड, पायचीत यांवर वर्षानुवर्षं वाद घालता येतात. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या घड्याळाशी काय वाद घालणार? हरलेल्या चाहत्याला फार तर ‘पुढच्या वेळी’ एवढंच म्हणता येतं.

आणि ती पुढची वेळ खरोखर येते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा भेटले आहेत. २००४ साली अथेन्सला ऑस्ट्रेलिया जिंकलं. २०१२ साली लंडनला ब्रिटननं उट्टं काढलं. २०१६ ची गोष्ट वर आलीच. २०२४ साली पॅरिसला ऑस्ट्रेलियानं पहिल्या फेरीत ३ मिनिटं ४०.७३० सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पुन्हा समोर ब्रिटन. शर्यत शेवटाकडे आलेली असताना ब्रिटनचा ईथन हेटर दमून सीटवरून घसरला, कसाबसा सावरला आणि सुवर्णपदक वीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाकडे परत गेलं. सॅम वेल्सफर्ड, ऑलिव्हर ब्लेडिन, कॉनर लीही आणि केलंड ओब्रायन ही त्या चौघांची नावं. चार अंतिम सामने, दोन-दोन. क्रिकेटमधल्या ॲशेससारखा इथे करंडक नाही; हिशेब चाहत्यांच्या डोक्यात असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच असतो.

मिअर्स आणि पेंडलटन

या चुरशीला चेहरा दिला तो दोन स्त्रियांनी. ऑस्ट्रेलियाची ॲना मिअर्स आणि ब्रिटनची व्हिक्टोरिया पेंडलटन. दोघींचा खेळ स्प्रिंट, आणि तो टीम परस्यूटच्या अगदी उलट आहे.

स्प्रिंटमध्ये दोनच खेळाडू, तीन फेऱ्या, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो, कारण सुरुवातीला दोघं चालत्या माणसाच्या वेगानं जातात. मागे वळून वळून पाहतात. कधीकधी जागच्या जागी सायकल तोलून उभेच राहतात. कारण तेच, वारा. पुढच्याला वारा कापावा लागतो, मागच्याला आडोसा मिळतो आणि शेवटच्या क्षणी झेप घेता येते. म्हणून ‘तू पुढे हो’ असा मूक आग्रह चाललेला असतो. कुणीतरी एकदा वेग घेतला की पुढचे काही सेकंद सगळं झंझावातासारखं घडतं. ट्रॅकच्या आतल्या कडेला काळ्या आणि लाल रेषेमधली एक पट्टी असते. झेपेच्या वेळी पुढचा खेळाडू त्या पट्टीत असेल तर त्याला ती सोडून बाहेर येता येत नाही. मागच्यानं त्याला बाहेरून ओलांडायचं. हा नियम मोडला तर पहिला येऊनही शर्यत हातची जाते. तीनपैकी दोन जिंकणारा पुढे.

२००८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला एका शर्यतीत मिअर्स पडली आणि तिच्या मानेचा मणका मोडला. बीजिंग ऑलिंपिक सात महिन्यांवर होतं. ती बीजिंगला पोहोचली, स्प्रिंटच्या अंतिम फेरीतही पोहोचली. समोर पेंडलटन. पेंडलटन जिंकली. त्या रौप्यपदकाकडे ब्रिटिश चाहतेही आदरानंच पाहतात.

मग चार वर्षं दोघींनी एकमेकींचा पिच्छा पुरवला. मिअर्सचे प्रशिक्षक गॅरी वेस्ट यांनी पेंडलटनच्या शर्यतींचा बारकाईनं अभ्यास केला: ती कुठे वेग घेते, कुठे कचरते, कुठली गोष्ट तिला आवडत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नच्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत दोघी उपांत्य फेरीत भेटल्या. पहिल्या शर्यतीत पेंडलटन पडली. दुसऱ्या शर्यतीत मिअर्सनं पट्टी सोडल्यामुळे निकाल तिच्या विरुद्ध गेला. तिसरी पेंडलटननं जिंकली, तीही मिअर्सच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. ऑस्ट्रेलियन चाहत्यांच्या नाकावर टिच्चून म्हणतात ते हेच.

चार महिन्यांनी लंडन. आता घरचं मैदान पेंडलटनचं आणि तिची ही शेवटची स्पर्धा. अंतिम फेरीच्या पहिल्या शर्यतीत ती किंचित पुढे राहून रेषा ओलांडते, पण झेपेच्या वेळी दोघींचा स्पर्श होऊन तिनं पट्टी सोडलेली असते. निकाल मिअर्सच्या बाजूनं. दुसऱ्या शर्यतीत मिअर्स आपलं राखून ठेवलेलं हत्यार काढते: वेग इतका कमी करते की जवळजवळ थांबते आणि पेंडलटनला पुढे जाणं भाग पाडते. मागून येऊन मिअर्स जिंकते. शर्यतीनंतर दोघी एकमेकींना मिठी मारतात. मला या साऱ्यात सर्वात बोलका वाटतो तो हा ताळा: बीजिंगला परकी जमीन आणि पेंडलटन, मेलबर्नला मिअर्सचं घर आणि पेंडलटन, लंडनला पेंडलटनचं घर आणि मिअर्स. कुणाच्याही चाहत्यांना संपूर्ण आनंद मिळाला नाही, आणि कुणाचीही पाटी कोरी राहिली नाही. (लंडनमध्येच पेंडलटननं केरिनचं, म्हणजे मोटरसायकलमागून सुरू होणाऱ्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं होतं, हे ब्रिटिश चाहते लगेच आठवण करून देतील.)

शिकवलं कुणी कुणाला?

हे वैर दोन परक्यांचं नाही, एका घरातल्या भावंडांचं आहे. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला एकही सुवर्ण मिळालं नाही. देशभर चर्चा झाली आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट उभी राहिली. तिच्या ट्रॅक सायकलिंगचा तळ पुढे ॲडलेडला झाला. ब्रिटनला तसाच धक्का १९९६ च्या अटलांटाला बसला, सगळ्या खेळांत मिळून एकच सुवर्ण. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाडूंकडे वळला. मँचेस्टरचा वेलोड्रोम १९९४ मध्येच उघडला होता. २००० साली सिडनीत जेसन क्वेलीनं एक किलोमीटरची शर्यत जिंकली आणि गाडी रुळावर आली.

२००४ ला अथेन्समध्ये ऑस्ट्रेलियानं ट्रॅकवर पाच सुवर्णं घेतली. २००८ ला बीजिंगमध्ये ब्रिटननं दहापैकी सात. २०११ ला आपेल्डोर्नच्या विश्वअजिंक्यपदात ऑस्ट्रेलियानं धुमाकूळ घातला, आणि लंडनला ब्रिटननं पुन्हा दहापैकी सात. इथून चाहत्यांचा एक जुना, न संपणारा वाद सुरू होतो. ऑस्ट्रेलियन म्हणतात, तुम्ही चार वर्षांतून एकदाच जागे होता. ब्रिटिश म्हणतात, जागं कधी व्हायचं ते आम्हाला कळतं.

पण ब्रिटनच्या यशातले एक महत्त्वाचे प्रशिक्षक शेन सटन हे ऑस्ट्रेलियन. ब्रिटनच्या टीम परस्यूटला घडवणारे सायमन जोन्स पुढे ऑस्ट्रेलियाच्या सायकलिंग संघटनेचे कामगिरी संचालक झाले. पूर्व जर्मनीतून आलेले हाइको झाल्त्सवेडेल यांनी ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क आणि ब्रिटन अशा तिन्ही देशांसाठी काम केलं. ज्ञान असं एका गोटातून दुसऱ्या गोटात जात राहतं. चाहत्यांना हे माहीत असतं, म्हणून ‘आमचं’ आणि ‘तुमचं’ या शब्दांना फार धार येत नाही. ऑस्ट्रेलियन चाहत्यांची ‘ऑसी, ऑसी, ऑसी! ओय, ओय, ओय!’ ही आरोळीसुद्धा ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलच्या ‘ऑगी, ऑगी, ऑगी’ या जुन्या आरोळीवरून आल्याचं मानलं जातं. आरोळीही उसनी, तरी ठसका अस्सल.

चिडवण्याचे काही विषय ठरलेले आहेत. बीजिंगनंतर ऑस्ट्रेलियाकडून सारखं ऐकू यायचं की ब्रिटन बसून खेळायचे खेळच जिंकतं: सायकल, नौकानयन, शिडाच्या होड्या. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जॉन कोट्स यांनी, पोहण्याचे तलाव आणि साबण दोन्हींचा तुटवडा असलेल्या देशासाठी ही कामगिरी वाईट नाही, अशा अर्थाचा टोमणा मारला तो ब्रिटिशांनी वर्षानुवर्षं जपून ठेवला. लंडनच्या वेळी तर दोन्ही देशांच्या क्रीडामंत्र्यांनी पैज लावली. ऑस्ट्रेलियाच्या केट लंडी हरल्या आणि ब्रिटनच्या संघाचा पोशाख घालून ईटन डॉर्नी या नौकानयनाच्या तळ्यात त्यांनी होडी वल्हवली. मंत्र्यांनी जाहीरपणे पैज हरावी आणि ती पाळावी, यात मला या नात्याचं खरं रूप दिसतं.

जिथे ताणलं जातं

सगळं गोडच असतं असं नाही. लंडनला सांघिक स्प्रिंटमध्ये ब्रिटनचा फिलिप हाइंड्स सुरुवातीलाच पडला. सुरुवातीच्या अर्ध्या फेरीत पडलं तर शर्यत पुन्हा घेतली जाते, असा नियम होता. पुन्हा सुरुवात झाली, ब्रिटननं पुढे सुवर्ण जिंकलं, फ्रान्सला रौप्य. नंतर हाइंड्स बोलून गेला की सुरुवात चुकल्यामुळे तो मुद्दाम पडला. मग त्यानं ते फिरवलं. निकाल कायम राहिला. फ्रेंच चाहत्यांच्या मनात ही सल अजून आहे, आणि मला ती रास्त वाटते. नियम मोडला नव्हता, पण नियमाचा हेतू तो नव्हता.

त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या गोटातून ब्रिटनच्या चाकांबद्दल शंका काढली गेली. ब्रिटनच्या सायकलिंग संघाचे प्रमुख डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी आमची चाकं खास गोल असतात, असं थट्टेनं उत्तर दिलं. ते फ्रेंच वृत्तपत्रांपर्यंत पोहोचलं आणि त्याची खरोखर चर्चा झाली. ती चाकं फ्रान्सच्याच माविक कंपनीची होती. स्प्रिंटच्या अंतिम फेरीत ब्रिटनच्या जेसन केनीकडून हरल्यावर फ्रान्सच्या ग्रेगरी बोजेनं पत्रकार परिषदेत स्वतःच केनीला प्रश्न विचारायला सुरुवात केली: मधली वर्षं तुम्ही मागे असता आणि ऑलिंपिकला असे कसे उसळता? ऑस्ट्रेलियन चाहत्यांचा जुना प्रश्न आता एका फ्रेंच खेळाडूच्या तोंडून.

नियमांचे वादही असतात. बीजिंगला पुरुषांच्या स्प्रिंटची अंतिम फेरी दोन ब्रिटिशांमध्येच झाली, ख्रिस हॉय विरुद्ध केनी. लंडनसाठी एका देशाचा एकच खेळाडू असा नियम आला. ब्रिटिश चाहत्यांना तो आपले पंख कापण्यासाठी केल्यासारखा वाटला, इतरांना दिलासा वाटला. त्याच बदलात पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या शर्यती पाच-पाच अशा समान झाल्या, हे मात्र बहुतेकांना पटलं. बीजिंगमध्ये तो हिशेब सात-तीन होता.

तिसरे, चौथे, पाचवे

चुरस या दोघांचीच आहे असं समजू नका. राष्ट्रकुल स्पर्धेत ब्रिटनचे तुकडे होतात: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे उतरतात. ऑलिंपिकला ज्याच्यासाठी घसा फोडला त्याच्याविरुद्ध स्कॉटिश चाहता दोन वर्षांनी ओरडत असतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचं शेजाऱ्यांचं नातं तर वेगळंच. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये टीम परस्यूटच्या सुरुवातीच्या फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स पोर्टरचं हँडल धावत्या सायकलवर तुटलं आणि तो तोंडावर आपटला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत समोर न्यूझीलंड आलं, आणि या वेळी पडला तो त्यांचा एरन गेट. कांस्य ऑस्ट्रेलियाला. त्याच गेटनं पुढच्या वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णं जिंकली.

केरिनची गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात पैज लावून पाहायची शर्यत म्हणून तिचा जन्म झाला. एक मोटरसायकल पुढे जात वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत नेते, तीन फेऱ्या उरल्या की बाजूला होते, आणि सहा-सात जण एकाच वेळी झेपावतात. २००० पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुषांमध्ये पहिलं सुवर्ण फ्रान्सच्या फ्लोरियां रूसोनं जिंकलं, दुसरं ऑस्ट्रेलियाच्या रायन बेलीनं, मग दोन हॉयनं, दोन केनीनं, आणि २०२४ चं नेदरलँड्सच्या हारी लाव्हरायसेननं. ज्या देशानं हा खेळ जगाला दिला, त्याच्या वाट्याला यातलं सुवर्ण आलेलं नाही. पण जपान आपल्या देशातल्या केरिनमध्ये परदेशी स्प्रिंटरना बोलावतं, आपले बारकावे दाखवतं. आणि स्वतःच्या राष्ट्रीय संघासाठी फ्रान्सचा बेनुआ वेतू आणि ऑस्ट्रेलियाचा जेसन निब्लेट असे प्रशिक्षक त्यानं नेमले. मलेशियाचा अझीझुलहस्नी अवांग वर्षानुवर्षं मेलबर्नला राहून ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक जॉन बीझली यांच्याकडे तयारी करत आला. टोकियोच्या केरिनमध्ये त्याला रौप्य मिळालं तेव्हा तो आनंद नेमका कोणत्या देशाचा म्हणायचा?

त्याच टोकियोच्या अंतिम फेरीत मोटरसायकल बाजूला होताच केनी एकटाच पुढे निसटला. त्याच्यामागे होता ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू ग्लेट्झर. त्यानं फट पडू दिली, ती वाढत गेली, आणि केनीनं सातवं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. ग्लेट्झर दीड-दोन वर्षांपूर्वीच थायरॉइडच्या कर्करोगातून उठला होता. त्याला दोष देताना ऑस्ट्रेलियन चाहत्यांचीही जीभ अडखळली. २०२४ ला पॅरिसला त्याला अखेर केरिनचं कांस्य मिळालं, आणि त्या पदकाबद्दल आपल्या-परक्यांनी सारख्याच आनंदानं बोलावं, इतकं ते त्याचं हक्काचं होतं.

रिचर्डसन कुणाचा?

आता या मैत्रीची सर्वात अवघड परीक्षा चालू आहे. मॅथ्यू रिचर्डसन जन्मला इंग्लंडमधल्या मेडस्टोनला, लहानपणीच कुटुंबाबरोबर ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेला. पॅरिसला तो ऑस्ट्रेलियाकडून उतरला. स्प्रिंटमध्ये रौप्य, केरिनमध्ये रौप्य, सांघिक स्प्रिंटमध्ये कांस्य. दोन्ही वैयक्तिक सुवर्णं लाव्हरायसेनकडे गेली. स्पर्धा संपल्यावर काही दिवसांतच जाहीर झालं की तो यापुढे ब्रिटनकडून खेळणार. बदलाची तयारी आधीच झाली होती आणि स्पर्धा संपेपर्यंत ती गुपित ठेवली होती, हे कळल्यावर ऑस्ट्रेलियात राग उसळला. तिथल्या संघटनेनं त्याला पुन्हा कधीही ऑस्ट्रेलियाकडून निवडणार नाही, असं सांगून टाकलं.

इथे ऑस्ट्रेलियन चाहत्यांचं दुःख मला खरं वाटतं. पराभव पचवायची त्यांना सवय आहे. पण ज्याच्यासाठी ते पॅरिसला उभं राहून ओरडले, तो मनानं आधीच दुसरीकडे गेला होता, हे पचवणं निराळं. दुसऱ्या बाजूला, जन्मभूमीकडे परत जाण्याची ओढ खोटी म्हणता येत नाही. आणि प्रशिक्षकांनी हीच सीमा इतकी वर्षं ओलांडली तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. खेळाडूनं ओलांडली की का बोचतं? कारण प्रशिक्षक ज्ञान नेतो, खेळाडू आठवणी नेतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानातल्या कोन्याला रिचर्डसननं धावत्या सुरुवातीचे, म्हणजे आधीच वेग घेऊन कापायचे, २०० मीटर ८.९४१ सेकंदांत कापले. नऊ सेकंदांच्या आत येणारा तो पहिला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं तोच विक्रम ८.८५७ वर नेला, म्हणजे ताशी ८१ किलोमीटरहून जास्त. नावापुढे ब्रिटन. पर्थमध्ये वाढलेल्या पोराचा हा आकडा ऑस्ट्रेलियन चाहत्यांनी नक्कीच पाहिला असेल, आणि आधी वेळ पाहिली असेल, मग झेंडा. २०२८ ला लॉस एंजेलिसला एखाद्या स्प्रिंटमध्ये त्याच्यासमोर त्याचा जुना सहकारी ऑस्ट्रेलियाच्या जर्सीत उभा राहू शकतो. दोघंही पहिल्या फेरीत हळू हळू जातील, मान वळवून एकमेकांकडे पाहतील, आणि कोण कुठे वेग घेतो हे दोघांनाही पाठ असेल.